डीव्हीडी रायटरमधला मेमरी कार्ड रीडर : लग्नाचं कार्ड घालण्याआधी असा तपासून घ्या

भंडारा : मेमरी कार्ड म्हणजे आज घराघरातला अल्बम झाला आहे. मुलीचं लग्न, मंडईच्या रात्रीचं नाटक, नातवाचं बारसं, गेलेल्या बाबांचा आवाज, पावसानं झोपलेल्या धानाचे फोटो, आधार आणि सातबाराचे स्कॅन, हे सगळं नखाएवढ्या एका तुकड्यावर असतं. दुसरीकडे कपाटात जुन्या लग्नाच्या डीव्हीड्या पडून आहेत. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायला जागाच नसते. म्हणून तुमसर, साकोली, पवनीपासून लाखांदूरपर्यंत फोटो स्टुडिओवाले, सेवा केंद्रवाले आणि घरची पोरं बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घेतात. ऑनलाइन मिळणाऱ्या अशा बऱ्याच रायटरच्या कडेला दोन खाचा असतात. एकीवर 'एसडी' आणि दुसरीवर 'टीएफ' लिहिलेलं असतं. तोच मेमरी कार्ड रीडर.

गडबड इथेच होते. डबा घरी आला की लोक डिस्क घालून पाहतात. डिस्क फिरली की डबा चांगला, असं समजतात. कार्डाची खाच मात्र कोणी तपासत नाही. मग एक दिवस थेट लग्नाच्या शूटिंगचं कार्ड आत जातं, आणि "हे तं फॉरमॅट करा म्हणते न भाऊ, आता काय करू?" असा फोन येतो. तोवर कोणीतरी घाईत 'हो' दाबलेलं असतं.

नवा बैल आधी रिकाम्या बंडीला जुंपतात, भरल्या बंडीला नाही. रीडरचंही तसंच आहे. तो घरच्या घरी कसा तपासायचा, दोष कार्डाचा, खाचेचा की वायरचा हे कसं ओळखायचं आणि खरं कार्ड कधी घालायचं, याची ही माहिती. जपून ठेवा.

डब्याच्या आत काय असतं?

बाहेरून एकच वस्तू दिसत असली तरी आत तीन वेगळी कामं चालतात. कॉम्प्युटरला जाणारी वायर एकच असते. आत गेल्यावर तिला फाटे फुटतात, जसे कालव्याला पाट फुटतात. एक फाटा डिस्क फिरवणाऱ्या भागाकडे, दुसरा कार्ड रीडरकडे आणि तिसरा पेन ड्राईव्हच्या जास्तीच्या यूएसबी जागांकडे जातो. हे फाटे करणाऱ्या भागाला हब म्हणतात.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, डिस्क चालते म्हणजे वायर आणि हब बरे आहेत एवढंच सिद्ध होतं. कार्ड रीडर वेगळा भाग आहे, तो वेगळा तपासावा लागतो. दुसरी, वीज तिघांनाही त्याच एका वायरीतून मिळते. यूएसबी २.० ची जागा नियमानं ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० ची ९०० मिलिअँपिअर वीज देते. डिस्क फिरायला आणि लिहायला बरीच वीज लागते. ती कमी पडली की डिस्क अडखळते आणि कधी कधी कार्डही मधेच गायब होतं. काही डब्यांना जास्तीची वीज देण्यासाठी वेगळी पिन असते, ती शोभेची नसते.

एसडी आणि टीएफ, फरक काय?

एसडी कार्ड मोठं असतं, ३२ बाय २४ मिलिमीटरचं, कॅमेऱ्यात बसणारं. १९९९ मध्ये पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या कंपन्यांनी मिळून ते आणलं. मोबाईलमधलं छोटं कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं असतं. २००४ मध्ये ते 'ट्रान्सफ्लॅश' नावानं आलं आणि पुढे त्याचंच नाव 'मायक्रो एसडी' झालं. डब्यावर अजून 'टीएफ' लिहितात ते त्या जुन्या नावामुळे. म्हणजे टीएफची खाच हीच मोबाईलच्या कार्डाची खाच.

कार्डाच्या क्षमतेप्रमाणे तीन जाती लक्षात ठेवा. २ जीबीपर्यंतचं साधं एसडी. त्यापुढे ३२ जीबीपर्यंतचं 'एसडीएचसी', ते २००६ मध्ये आलं. ३२ जीबीच्या वर २ टीबीपर्यंतचं 'एसडीएक्ससी', ते २००९ मध्ये आलं. नवा रीडर जुनं कार्ड वाचतो. जुना रीडर मात्र नवं मोठं कार्ड वाचेलच असं नाही. म्हणून ६४ किंवा १२८ जीबीचं कार्ड जुन्या डब्यात दिसलं नाही, तर लगेच कार्ड मेलं असं समजू नका.

तपासणीला काय काय लागेल?

- बिनकामाचं, रिकामं मेमरी कार्ड. ८ किंवा १६ जीबीचं जुनं कार्ड चालेल. यापुढे त्याला 'परीक्षेचं कार्ड' म्हणू.
- मायक्रो कार्ड बसवून एसडी करणारा अडॅप्टर. नव्या कार्डासोबत बरेचदा तो फुकट मिळतो.
- चालू स्थितीतला दुसरा रीडर, किंवा कार्ड घालता येणारा मोबाईल. पडताळणीसाठी हा हवाच.
- कॉम्प्युटर. शक्यतो लॅपटॉप घ्या, कारण मधेच लाईट गेली तरी तो बंद पडत नाही. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवर ठेवा.
- फोटो आणि व्हिडिओ मिळून सुमारे १ जीबीचं एक फोल्डर. या फाईल कॉम्प्युटरवर आधीपासून असाव्यात.

पायरी १ : आधी डोळ्यांनी पाहा

मोबाईलची टॉर्च लावून खाचेत बघा. आत बारीक सोनेरी किंवा चंदेरी पत्र्या एका ओळीत दिसतात. एखादी पत्री वाकलेली, दबलेली किंवा काळी पडलेली असेल तर कार्ड घालू नका. आपल्याकडे धानाचा कोंडा आणि राईस मिलची धूळ सगळीकडे उडते. ती खाचेत बसली असेल तर कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. तोंडानं फुंकर मारू नका, थुंकीची ओल आत जाते. पिन किंवा सुई तर अजिबात घालू नका.

कार्डाच्या मागच्या सोनेरी पट्ट्या कोरड्या सुती कापडानं हलक्या हातानं पुसा. छोटं कार्ड अडॅप्टरशिवाय मोठ्या एसडीच्या खाचेत ढकलू नका. ते आत सरकून अडकतं आणि मग डबा उघडायची वेळ येते.

कार्ड कोणत्या बाजूनं घालायचं हे डब्यावरच्या छोट्या चित्रावरून कळतं. काही खाचांमध्ये 'टक' आवाज येतो, काहींमध्ये कार्ड अर्धं बाहेरच राहतं. दोन्ही प्रकार बरोबर आहेत. अडलं तर जोर लावायचा नाही, पलटवून बघायचं.

पायरी २ : डबा जोडा, कार्ड दिसतं का बघा

डिस्क काढून ठेवा. डबा थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी जागेला जोडा, मधे दुसरी लांब वायर किंवा हब नको. आता परीक्षेचं कार्ड घाला आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. विंडोजमध्ये 'धिस पीसी' उघडा. नवीन ड्राईव्ह दिसायला हवा.

कार्ड नसताना रीडरचा ड्राईव्ह दिसला नाही तर घाबरू नका. रिकामे ड्राईव्ह लपवून ठेवायची विंडोजची सवय आहे. कार्ड घातल्यावर दिसला म्हणजे झालं.

कार्ड घालूनही दिसत नसेल तर स्टार्टच्या बटनावर राईट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे कार्ड दिसतं पण ड्राईव्हचं अक्षर नाही, असं असेल तर फक्त अक्षर द्यायचं राहिलं आहे. तिथेही काहीच दिसत नसेल तर कार्ड काढून परत घाला, मग यूएसबीची जागा बदला, मग वायर बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कळत नाही.

आता दुसरी खाचही अशीच तपासा. मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून एसडीच्या खाचेत लावा. एका वेळी एकाच खाचेत कार्ड ठेवा. अनेक स्वस्त रीडरमध्ये दोन्ही खाचा भरल्या तर एकच कार्ड दिसतं. तो बिघाड नाही, त्याची बनावटच तशी असते.

पायरी ३ : आकडा बरोबर आहे का?

कार्डाच्या ड्राईव्हवर राईट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' बघा. १६ जीबीचं कार्ड साधारण १४ ते १५ जीबी, ३२ चं २९ च्या आसपास, ६४ चं ५९ आणि १२८ चं ११९ च्या आसपास दाखवतं. यात कोणी लुबाडलेलं नाही. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या हिशोबानं, म्हणून हा फरक पडतो.

मात्र ३२ जीबीचं कार्ड या डब्यात भलताच छोटा आकडा दाखवत असेल आणि दुसऱ्या रीडरमध्ये बरोबर दाखवत असेल, तर या रीडरला ते कार्ड नीट ओळखता येत नाही. अशा रीडरमध्ये त्या कार्डावर काहीही लिहू नका.

पायरी ४ : लिहा, काढा, परत वाचा

ही खरी परीक्षा आहे. तुमचं १ जीबीचं फोल्डर परीक्षेच्या कार्डावर कॉपी करा. झालं की कार्डाच्या ड्राईव्हवर राईट क्लिक करून 'इजेक्ट' करा आणि कार्ड हातानं बाहेर काढा. खालच्या कोपऱ्यातून पूर्ण डबाच काढायचा पर्याय निवडला तर डिस्कचा भागही सोबत बंद होऊ शकतो, म्हणून इजेक्ट कार्डाच्याच चिन्हावरून करा.

कार्ड बाहेर का काढायचं? कारण नुकतीच कॉपी केलेली फाईल कॉम्प्युटर काही वेळ स्वतःच्या मेमरीतही ठेवतो. कार्ड न काढता फाईल उघडली तर ती कार्डावरून आली की कॉम्प्युटरच्या मेमरीतून आली, हे कळत नाही.

आता कार्ड परत घाला आणि तेच फोल्डर कॉम्प्युटरवर नव्या जागी परत कॉपी करा. मूळ फोल्डर आणि परत आणलेलं फोल्डर, दोन्हींच्या प्रॉपर्टीजमध्ये फाईलची संख्या आणि बाइटचा पूर्ण आकडा जुळवा. तो शेवटच्या अंकापर्यंत जुळायला हवा. नंतर चार-पाच फोटो मोठे करून बघा आणि एक व्हिडिओ सुरुवात, मध्य आणि शेवट असा चालवून बघा.

आणखी पक्कं करायचं असेल तर 'सेव्हन-झिप' हे मोफत सॉफ्टवेअर टाका. फाईलवर राईट क्लिक केल्यावर त्यात 'सीआरसी एसएचए' असा पर्याय येतो. तो फाईलच्या आतल्या मजकुरावरून एक लांब खूण काढून देतो. मूळ आणि परत आलेल्या फाईलची खूण तंतोतंत एक असेल तर एक बाइटही बदललेला नाही.

ही परीक्षा तीनदा करा. एकदा चालणं हा योगायोग असू शकतो.

पायरी ५ : घड्याळ लावून वेग मोजा

१ जीबी म्हणजे साधारण १००० एमबी. कॉपीला लागलेल्या सेकंदांनी १००० ला भागा, वेग निघतो.

- २५ सेकंद लागले : सेकंदाला ४० एमबी
- ५० सेकंद : २० एमबी
- १०० सेकंद : १० एमबी
- २५० सेकंद : ४ एमबी

यूएसबी २.० चा रीडर प्रत्यक्षात ३० ते ४० एमबीच्या वर सहसा जात नाही. म्हणून कार्डावर १०० एमबी छापलं असलं तरी या डब्यात तेवढं मिळेलच असं नाही. टाईप-सी पिन दिसली म्हणून वेग जास्त, असंही नसतं. कार्डावरच्या गोलातला १० हा आकडा म्हणजे 'क्लास १०', लिहिण्याचा वेग कमीत कमी १० एमबी. इंग्रजी यू अक्षरातला ३ हा आकडा म्हणजे कमीत कमी ३० एमबी. हजारो छोटे फोटो असले तर वेग कमीच येतो, म्हणून मोजताना एक मोठा व्हिडिओ घ्या.

वेग सेकंदाला १ एमबीच्या आसपासच अडकला असेल तर बहुतेक वेळा वायर सैल असते, यूएसबीची जागा खराब असते किंवा जोडणी जुन्या मंद पद्धतीवर गेलेली असते. वायर आणि जागा बदलून परत मोजा. तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये जोरात आणि इथे मंद चालत असेल तर कार्ड निर्दोष आहे.

पायरी ६ : कुलपाची परीक्षा

एसडी कार्डाच्या किंवा अडॅप्टरच्या डाव्या कडेला छोटी सरकपट्टी असते. ती 'लॉक'कडे सरकवली की कार्डावर काही लिहिता किंवा पुसता येत नाही. पण हे कुलूप कार्डाच्या आत नसतं. पट्टी कुठे आहे ते रीडर बघतो आणि तोच अडवतो. रीडरचा तो भाग बिघडला असेल तर कुलूप लावूनही फाईल पुसल्या जातात, किंवा उलट, कुलूप नसतानाही प्रत्येक कार्ड 'राईट प्रोटेक्टेड' दाखवतं.

म्हणून परीक्षेच्या कार्डाला कुलूप लावा, एसडीच्या खाचेत घाला आणि एखादी फाईल पुसून बघा. रीडरनं अडवलं पाहिजे. कुलूप काढून परत बघा. आता पुसता आलं पाहिजे. ही दोन मिनिटांची परीक्षा पुढे खरं कार्ड घालताना फार कामी येते.

पायरी ७ : डिस्क फिरत असताना

आता एक जुनी, बिनमहत्त्वाची डिस्क लावा आणि ती चालू असतानाच परीक्षेच्या कार्डावरून कॉपी करा. वेग कमी झाला तर चालेल, वायर एकच आहे. पण कार्ड गायब झालं, डबा आपोआप निघून परत जोडला गेला किंवा डिस्क 'टक टक' करू लागली, तर वीज कमी पडते आहे. जास्तीच्या विजेची पिन असेल तर ती लावा किंवा डबा यूएसबी ३.० च्या जागेला जोडा. ही परीक्षा पास झाली तरी रोजच्या कामात नियम एकच : डिस्क लिहिताना कार्डाला हात लावायचा नाही, आणि कार्ड कॉपी होताना डिस्क घालायची नाही.

मग दोष कोणाचा?

- परीक्षेचं कार्ड इथे चालत नाही, मोबाईलमध्ये चालतं, आणि दुसरं कार्डही इथे चालत नाही : दोष रीडरचा.
- एकच कार्ड सगळीकडे अडतं, बाकी सगळी चालतात : दोष त्या कार्डाचा.
- कार्डही नाही आणि डिस्कही नाही : आधी वायर, यूएसबीची जागा आणि वीज बघा.
- ३२ जीबीपर्यंतची कार्डं चालतात, ६४ च्या वरची नाही : रीडर जुन्या पद्धतीचा आहे, कार्ड चांगलं असू शकतं.
- एसडीची खाच चालते, टीएफची नाही : टीएफची खाच खराब आहे. अडॅप्टर लावून काम भागतं.
- सगळीच कार्डं 'राईट प्रोटेक्टेड' म्हणतात : रीडरचा कुलपाचा भाग बिघडला. वाचायचं काम तरीही होतं.
- एकच कार्ड कुलूप नसताना लिहू देत नाही : ते कार्ड थकलं आहे. त्यातला डेटा लगेच काढून घ्या.
- ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल कार्डावर जात नाही : हा दोष नाही. 'फॅट ३२' पद्धतीच्या कार्डाची तेवढीच मर्यादा असते.

कॉम्प्युटर नाही, मोबाईललाच जोडायचं तर?

ओटीजी चालणाऱ्या मोबाईलला हा डबा जोडता येतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन ओटीजी चालू करावं लागतं आणि थोडा वेळ वापर नसला की ते आपोआप बंद होतं. कार्डाचा रीडर बहुतेक वेळा फाईल मॅनेजरमध्ये दिसतो. डिस्क मात्र साध्या अँड्रॉइड फोनमध्ये सहसा उघडत नाही, आणि डिस्क फिरवण्याएवढी वीज फोन देऊ शकेलच असं नाही. म्हणून फोनला जोडताना डिस्क काढून ठेवा. मोबाईलवर कार्ड दिसलं नाही एवढ्यावरून रीडरला खराब ठरवू नका. शेवटचा निर्णय कॉम्प्युटरवर करा.

आता खरं कार्ड घाला, पण असं

सगळ्या पायऱ्या पास झाल्या की लग्नाच्या कार्डाची पाळी. कार्ड मोबाईलमध्ये असेल तर सेटिंगमधून 'इजेक्ट' किंवा 'अनमाउंट' करा, नाहीतर फोन बंद करून काढा.

मायक्रो कार्ड असलं तरी ते थेट टीएफच्या खाचेत घालू नका. अडॅप्टरमध्ये बसवा, अडॅप्टरचं कुलूप लावा आणि एसडीच्या खाचेत घाला. मायक्रो कार्डाला स्वतःचं कुलूप नसतं, अडॅप्टरला असतं. सहाव्या पायरीत तुमच्या रीडरनं कुलूप पाळलं असेल, तर आता चुकून पुसणं, चुकून फॉरमॅट करणं आणि दुकानातल्या कॉम्प्युटरमधला व्हायरस कार्डात शिरणं, तिन्हींना आळा बसतो.

कॉपी करताना 'कट' कधीच नाही, नेहमी 'कॉपी'. कट केलं आणि मधेच लाईट गेली तर अर्धं इकडे, अर्धं तिकडे होतं. कॉपी झाल्यावर चौथ्या पायरीसारखा आकडा जुळवा. मग दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर किंवा पेन ड्राईव्हवर करा. दोन कॉपी झाल्याशिवाय मूळ कार्ड रिकामं करू नका.

दोन्ही कॉपी एकाच घरात ठेवू नका. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला तेव्हा नदीकाठच्या कित्येक घरांत पाणी शिरलं. अशा वेळी कपाटातला अल्बम आणि कॉम्प्युटर दोन्ही जातात. एक कॉपी दुसऱ्या गावी बहिणीकडे किंवा मामाकडे असली तर तीच वाचते.

जुन्या लग्नाच्या डिस्कचंही या निमित्तानं करून घ्या. डीव्हीडीत साधारण ४.७ जीबी मावतात. आत 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर असतं आणि त्यात व्हिडिओचे १ जीबीपर्यंतचे तुकडे असतात. एखादा तुकडा न घेता ते पूर्ण फोल्डर कॉपी करा.

'फॉरमॅट करा' असं आलं तर

हात थांबवा आणि 'कॅन्सल' दाबा. हा संदेश म्हणजे कार्ड रिकामं आहे असं नव्हे. कॉम्प्युटरला आतलं वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कारणं चार असू शकतात.

एक, खाच किंवा कार्डाच्या पट्ट्या मळक्या आहेत. पुसून परत लावा. दोन, रीडर किंवा कॉम्प्युटर जुना आहे आणि कार्ड मोठं. दुसऱ्या रीडरमध्ये बघा. तीन, कार्ड फोनमध्ये 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलेलं होतं. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून ही सोय काही फोनमध्ये आहे. असं कार्ड त्या फोनच्या किल्लीनं बंद झालेलं असतं, ते दुसऱ्या कुठल्याच रीडरमध्ये उघडत नाही. ते परत त्याच फोनमध्ये घाला, फोटो दिसतील, आणि वायरनं फोनवरूनच कॉपी करा. इथे फॉरमॅट केलं तर सगळं जातं. चार, कार्डाची आतली यादी खरोखर बिघडली आहे.

चौथं कारण असेल किंवा चुकून फॉरमॅट झालंच, तरी आशा सोडू नका. साध्या क्विक फॉरमॅटमध्ये बहुतेक वेळा यादी पुसली जाते, फोटो जागेवर असतात. मात्र त्या कार्डावर एकही नवा फोटो काढायचा नाही. 'फोटोरेक' नावाचं मोफत सॉफ्टवेअर असे फोटो शोधून काढतं. सापडलेले फोटो कार्डावर नाही, कॉम्प्युटरवर साठवायचे. कार्ड गरम होत असेल किंवा वारंवार गायब होत असेल तर प्रयत्न थांबवा आणि डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

आणि हो, पुसलेले फोटो परत निघतात, ही गोष्ट उलट बाजूनंही लक्षात ठेवा. घरातल्या बायामुलींचे फोटो आणि आधारचे स्कॅन असलेलं कार्ड कुणाच्या दुकानात "उद्या नेतो" म्हणून ठेवून येऊ नका. काम समोर बसून करून घ्या.

रीडर चांगला, कार्डच नकली?

बाजारात नकली कार्डं असतात. वर १२८ जीबी छापलेलं, कॉम्प्युटरवरही १२८ दिसतं, पण आत जागा ८ जीबीचीच. तेवढी भरली की पुढचे व्हिडिओ नुसते नावाला दिसतात, उघडत नाहीत. लोक रीडरला शिव्या देतात, चोर कार्ड असतं.

हे पकडायला विंडोजवर 'एच२टेस्टडब्ल्यू' नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते रिकाम्या कार्डावर १-१ जीबीच्या फाईल भरत जातं आणि मग प्रत्येक फाईल परत वाचून जुळवतं. ३२ जीबीच्या कार्डाला, लिहायचा वेग १० आणि वाचायचा २० एमबी धरला, तर साधारण ८० मिनिटं लागतात. लाईटचा भरवसा बघूनच सुरू करा. चूक निघाली तर तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये परत तपासा. दोन्हीकडे चूक निघाली तर कार्ड नकली किंवा खराब. फक्त या डब्यात चूक निघाली तर रीडरवर विश्वास ठेवू नका.

घेताना आणि तक्रार करताना

दुकानातून घेत असाल तर डिस्कसोबत दोन्ही खाचा तिथेच तपासून मागा. परीक्षेचं कार्ड खिशात घेऊनच जा. पक्कं बिल घ्या. ऑनलाइन मागवत असाल तर पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत, पहिल्या दोन दिवसांतच सगळ्या पायऱ्या उरका. 'डिस्क चालते ना' असं उत्तर मिळालं तर सांगा, कार्ड रीडर असं लिहून विकलं आहे, तोही चालला पाहिजे.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. त्यानंही जमलं नाही तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होऊ शकते, म्हणजे दिल्ली-मुंबईच्या ऑनलाइन विक्रेत्याविरुद्धही इथेच. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. बिल, पार्सलचा व्हिडिओ आणि तपासणीत आलेल्या संदेशांचे फोटो जपून ठेवा. तेच तुमचे साक्षीदार.

थोडक्यात लक्षात ठेवा

- आधी परीक्षेचं कार्ड, मग खरं कार्ड.
- लिहा, काढा, परत वाचा, आकडा जुळवा. तीनदा.
- दोष ठरवण्याआधी कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये आणि दुसरं कार्ड या रीडरमध्ये घालून बघा.
- खरं कार्ड अडॅप्टरमध्ये, कुलूप लावून.
- 'फॉरमॅट करा' आलं की 'कॅन्सल'.
- दोन कॉपी, दोन घरांत.

डबा पुन्हा विकत मिळतो, कार्डही मिळतं. बाबांचा आवाज मात्र परत मिळत नाही. गावातल्या फोटोवाल्याला आणि घरच्या पोरांना ही माहिती लग्नसराईच्या आधी पाठवून ठेवा.